लाखात तीन : एनएमआरची संवेदनक्षमता वाढवण्याच्या वाटा

चेन्नईतल्या पेरुंगुडीत रात्री दहानंतर ओएमआर या हमरस्त्यावरची वाहतूक ओसरते आणि औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत फक्त यंत्रांचे आवाज उरतात. त्या रात्री माझ्या हातात पाच मिलिमीटर व्यासाची काचेची नळी होती. तिच्यात सहा दशांश मिलिलिटर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म आणि त्यात विरघळलेला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम पदार्थ. एका औषधाच्या बॅचमध्ये निघालेली ती अशुद्धी होती. कॉलमवरून ती वेगळी करण्यात एका सहकाऱ्याचा आठवडा गेला होता. ती नेमकी काय आहे, हे सांगण्याचं काम माझ्याकडे होतं.

नळी हवेच्या झोतावर तरंगत चुंबकात उतरली. प्रोटॉनचा स्पेक्ट्रम दोन मिनिटांत आला, अगदी स्वच्छ. मग कार्बनचा लावला आणि घरी गेले. सकाळी, बारा तासांच्या स्कॅननंतर, हायड्रोजन जोडलेले कार्बन कसेबसे डोकं वर काढून उभे होते. ज्याच्यावर सगळा निर्णय अवलंबून होता तो कार्बोनिलचा कार्बन मात्र खरखरीत बुडाला होता. रेडिओवर दूरचं स्टेशन लावलं की शब्द असतात पण कळत नाहीत, तशी गत.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एनएमआर, हे रसायनशास्त्राचं सगळ्यात बोलकं साधन आहे. कुठला अणू कुणाला जोडला आहे, कुणाच्या शेजारी बसला आहे, कोणत्या दिशेला वळला आहे, हे सगळं तो सांगतो. पण त्याचा आवाज फार बारीक. मास स्पेक्ट्रोमीटरला पिकोग्रॅम पुरतो, एनएमआरला त्याच्या कोट्यवधी पट माल लागतो. गेली पंचाहत्तर वर्षं या शास्त्रातली निम्मी अक्कल एवढ्या एका उणिवेवर खर्च झाली आहे. ती कुठे फळली आणि कुठे नुसती महाग पडली, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे मोठ्या चुंबकाला गरजेपेक्षा जास्त मान आहे. संवेदनक्षमतेतल्या सर्वांत मोठ्या उड्या चुंबकाच्या आकारातून आलेल्या नाहीत. त्या ध्रुवीकरणाच्या हिशेबातून आल्या, आणि ते काम पेरुंगुडीपासून हाकेच्या अंतरावरही झालेलं आहे.

आवाज इतका बारीक का, ते आधी पाहू. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनला दोनच बाजू मोकळ्या असतात, क्षेत्राच्या दिशेने किंवा उलट. दिशेने राहणं ऊर्जेच्या दृष्टीने किंचित सोयीचं, पण खोलीच्या तापमानाची उष्णता ही सोय जवळजवळ पुसून टाकते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात, म्हणजे ९.४ टेस्ला क्षेत्रात, दोन्ही गटांतला फरक काढला तर लाख प्रोटॉनांमागे तीन निघतो. या फरकालाच ध्रुवीकरण म्हणतात. बाकीचे एकमेकांना खोडतात. आपण स्पेक्ट्रममध्ये जे काही वाचतो ते या लाखातल्या तिघांचं बोलणं असतं.

कार्बनची परिस्थिती याहून बिकट. शंभरातला जेमतेम एक कार्बन, कार्बन-१३, एनएमआरला दिसतो. त्याचं चुंबकत्व प्रोटॉनच्या पाव आहे आणि ही पावकी तीनदा नडते: ध्रुवीकरणात, प्रत्येक केंद्राच्या ताकदीत आणि वारंवारितेत. चारचा घन चौसष्ट. चौसष्टावा भाग आणि त्याचाही साधारण शंभरावा भाग, म्हणजे तितक्याच प्रोटॉनांच्या तुलनेत कार्बनचा सिग्नल सुमारे सहा हजारावा. नायट्रोजन-१५ चं तर नैसर्गिक प्रमाणच ०.३७ टक्के.

मग स्कॅन वाढवा, असं कुणीही म्हणेल. स्कॅन वाढवले की सिग्नल त्यांच्या संख्येइतका वाढतो आणि खरखर त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी. त्यामुळे दुप्पट स्वच्छ स्पेक्ट्रमला चौपट वेळ पडतो. माझा तो कार्बन चौपट स्पष्ट हवा असता तर सोळा रात्री लागल्या असत्या. उलट, कुणी सिग्नलच चौपट करून दिला तर बारा तासांचं काम पाऊण तासात उरकतं. म्हणून संवेदनक्षमतेतली प्रत्येक सुधारणा वर्ग करून वाचावी. चौपट म्हटलं की सोळापट वेळ वाचला, असं.

या कथेच्या अगदी सुरुवातीला आपला एक माणूस उभा आहे आणि त्याचं नाव फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी एनएमआरचा सिग्नल पहिल्यांदा पकडला. त्याबद्दल दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. पण हे साधन रसायनशास्त्रज्ञांचं झालं ते १९५१ मध्ये. आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी स्टॅनफर्डला साध्या एथिल अल्कोहोलचा स्पेक्ट्रम घेतला आणि एका सिग्नलच्या जागी तीन सिग्नल दिसले, एकास दोनास तीन या प्रमाणात. एक हायड्रॉक्सिलचा, दोन मेथिलीनचे, तीन मेथिलचे. रेणूची रचना कागदावर उमटली ती तिथे. त्या तिघांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचा गट उभारला. कुलाब्याला पुढे उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा झाली, त्या परंपरेचं मूळ हे.

त्याच १९५१ मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा एनएमआर मोजला. स्थिर द्रवावर रेडिओलहरींचा मारा चालू ठेवला की दोन्ही गटांतला तो इवलासा फरक संपतो आणि सिग्नल मरतो. द्रव वाहता ठेवला तर थकलेली केंद्रं पुढे निघून जातात, ताजी ध्रुवीकृत केंद्रं सिग्नल ऐकणाऱ्या कॉइलमध्ये येतात आणि सिग्नल वाढतो. आज प्रवाह मोजणाऱ्या सगळ्या एनएमआर पद्धतींच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख पहिला येतो. ना मोठं चुंबक, ना महागडी कॉइल. केंद्रांचा हिशेब नीट मांडला, एवढंच.

आता मोठ्या चुंबकाची वाट. सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर क्षेत्राच्या दीड घाताने वाढतं. ४०० वरून १,२०० मेगाहर्ट्झवर गेलं तर क्षेत्र तिप्पट, फायदा साधारण पाचपट. २००९ मध्ये फ्रान्समध्ये लियाँला १,००० मेगाहर्ट्झचं यंत्र बसलं, २०२० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला १,२०० मेगाहर्ट्झचं, २८.२ टेस्ला क्षेत्राचं. त्याच्या आतल्या कॉइल उच्च तापमानाच्या अतिसंवाहकाच्या आहेत, कारण जुन्या नायोबियमच्या तारा इतक्या क्षेत्रात टिकत नाहीत. प्रथिनांवर काम करणाऱ्यांना अशा यंत्राची खरी गरज आहे. तिथे सिग्नलइतकंच ते एकमेकांपासून सुटे दिसणंही मोलाचं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. साध्या सेंद्रिय रेणूंचं काम करणाऱ्या विभागानेही संवेदनक्षमता म्हटलं की पुढच्या आकड्याचं चुंबक मागायचं, ही जी सवय लागली आहे तिच्यावर आहे. पाचपट फायद्यासाठी किंमत पाचपटीत थांबत नाही. त्यातून हेलियम. चुंबकाची अतिसंवाहक कॉइल ४.२ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये बुडलेली असते आणि आपल्याकडे हेलियम बाहेरूनच येतो. आठवड्याला नायट्रोजन आणि काही महिन्यांनी हेलियम भरणं हा आमच्या कामाचा भाग आहे. हेलियमचा टँकर लांबला की इथल्या प्रत्येक एनएमआरवाल्याची झोप उडते.

चुंबक तेच ठेवून ऐकणारा कान सुधारता येतो. खरखरीचा मोठा भाग कॉइलमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्ण हालचालीतून येतो. म्हणून क्रायोप्रोबमध्ये कॉइल सुमारे २० केल्विनपर्यंत थंड हेलियम वायूने गार करतात आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवर असलेला नमुना खोलीच्या तापमानाला ठेवतात. ही करामत जमवणं अभियांत्रिकीच्या दृष्टीने थोर आहे. सेंद्रिय द्रावकात फायदा तीन ते चार पट. खारट पाण्यात मात्र द्रावणच खरखर करू लागतं आणि फायदा निम्म्यावर येतो, म्हणून जीवरसायनवाले या आकड्यांवर जरा कमी विश्वास ठेवतात. द्रव नायट्रोजनवर चालणारा प्रोब दोन ते तीन पटीच देतो, पण नायट्रोजन गल्लोगल्ली मिळतो.

इथे पेरुंगुडीचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं तेव्हा वेळचेरी, पळ्ळीकरणै आणि पेरुंगुडीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. काही वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. अतिसंवाहक चुंबकाला अशा वेळी विजेची गरज पडत नाही. एकदा भरलेला प्रवाह तारेत आपोआप फिरत राहतो, हेलियम संपेपर्यंत क्षेत्र हलत नाही. क्रायोप्रोबचा काँप्रेसर मात्र वीज गेली की थांबतो, कॉइल तापू लागते आणि पुन्हा थंड करायला तासन्‌तास जातात. ज्या शहरात दर काही वर्षांनी पाणी भरतं तिथे यंत्र निवडताना हाही हिशेब धरावा लागतो. माहितीपत्रकात तो नसतो.

कान सुधारण्याचा दुसरा उपाय स्वस्त आहे आणि आम्ही तो विसरतो. कॉइल जितकी बारीक, तितका ठरावीक वजनाच्या नमुन्यातून जास्त सिग्नल. हा फायदा व्यासाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात स्वीडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसासारख्या नळीवर कॉइल गुंडाळून हे दाखवून दिलं. आज १.७ मिलिमीटरचे प्रोब बाजारात मिळतात, त्यांना तीस-पस्तीस मायक्रोलिटर द्रावण पुरतं. माझी त्या रात्रीची पहिली चूक इथेच होती. अर्धा मिलिग्रॅम पदार्थ मी सहाशे मायक्रोलिटरमध्ये पातळ केला आणि त्यातला बराचसा कॉइलच्या वर-खाली, न दिसणाऱ्या भागात गेला. द्रावण कॉइलच्या उंचीतच राखणाऱ्या शिगेमी नळीत निम्म्याहून कमी द्रावकात तो ठेवला असता तर नवं काहीही विकत न घेता सिग्नल जवळजवळ दुप्पट झाला असता.

तिसरी वाट पल्सची, आणि ती माझी सर्वांत लाडकी आहे. पूर्वी स्पेक्ट्रम एकेका वारंवारितेवरून हळूहळू सरकत नोंदवला जाई. १९६६ मध्ये व्हेरियन कंपनीत रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी सगळ्या केंद्रांना एका छोट्या पल्सने एकदम छेडलं आणि उठलेला संमिश्र नाद फूरिये गणिताने सुटा केला. तंबोऱ्याच्या तारा एकेक लावून ऐकण्याऐवजी एकदम छेडून कानाने वेगळ्या कराव्यात, तसं. संवेदनक्षमता दहापट आणि काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त वाढली. कार्बन-१३ चा एनएमआर रोजचा झाला तो यामुळे. अर्न्स्टना १९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुढची युक्ती उसनवारीची. कार्बन गरीब असेल तर शेजारच्या श्रीमंत प्रोटॉनाकडून त्याला ध्रुवीकरण मिळवून द्यायचं. घन पदार्थांत हे पाइन्स, गिबी आणि वॉ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साधलं. द्रवात १९७९ मध्ये ऑक्सफर्डच्या गॅरेथ मॉरिस आणि रे फ्रीमन यांनी इनेप्ट नावाची पल्सशृंखला दिली, तिने कार्बनचा सिग्नल चौपटीपर्यंत जातो आणि नायट्रोजनचा जवळजवळ दहापट. एवढ्यावर समाधान न मानता बोडेनहाउझन आणि रूबेन यांनी १९८० मध्ये उसनं दिलेलं ध्रुवीकरण परत प्रोटॉनवर आणून तिथेच मोजलं, कारण प्रोटॉनचा आवाज मोठा. जाऊन-येऊन कागदावरचा फायदा कार्बनसाठी बत्तीसपट आणि नायट्रोजनसाठी तीनशे पटींच्या आसपास. बॅक्स आणि समर्स यांनी १९८६ मध्ये हीच कल्पना दोन-तीन बंधांपलीकडच्या कार्बनपर्यंत नेली. तीच आजची एचएमबीसी.

माझ्या कार्बोनिलला शेवटी एचएमबीसीनेच बोलतं केलं. त्याला स्वतःचा हायड्रोजन नव्हता, पण दोन बंधांवर एक सीएच-टू होता. चार तासांत त्या प्रोटॉनांच्या रेषेत एक ठिपका उमटला. बारा तास थेट कार्बनकडे कान लावून जे ऐकू आलं नव्हतं ते शेजाऱ्याला विचारून चार तासांत कळलं. यंत्र तेच, चुंबक तेच, प्रोब तोच.

या वाटेवर आपल्या लोकांनीही हातभार लावला आहे. सोडियम, ॲल्युमिनियम यांसारखी केंद्रं घन पदार्थात फार पसरट रेषा देतात. त्यांना आकुंचित करणाऱ्या बहुक्वांटम पद्धतीत बराच सिग्नल वाटेत गळायचा. १९९९ मध्ये पी. के. मधू, गोल्डबोर्ट, फ्रिडमन आणि वेगा यांनी पल्सचा जोर झपाट्याने वर-खाली करून ती गळती मोठ्या प्रमाणात थांबवली. मधू पुढे टाटा संस्थेत, आधी मुंबईला आणि मग हैदराबादला, काम करत राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. गणपती यांनी झिओलाइटसारख्या उत्प्रेरकांवर घन एनएमआरची परंपरा जोपासली. ॲल्युमिनियम झिओलाइटच्या चौकटीत आहे की बाहेर पडलाय, हा प्रश्न तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याला पैशाइतका महत्त्वाचा असतो आणि त्याचं उत्तर अशा पद्धती देतात.

पण उसनवारीलाही मर्यादा आहे. प्रोटॉन स्वतःच लाखात तीन. त्याच्याकडून किती घेणार? खरी उडी मारायची तर लाखातल्या तिघांचे हजारो करायला हवेत. या प्रयत्नांना अतिध्रुवीकरण म्हणतात आणि इथे विषय सर्वांत समृद्ध होतो.

सुरुवात १९५३ ची. अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की धातूतल्या इलेक्ट्रॉनांना मायक्रोवेव्हने संपृक्त केलं तर त्यांचं ध्रुवीकरण अणुकेंद्रांत उतरेल. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या ६५८ पट, त्यामुळे वाढही शेकड्यांत होणार. भल्याभल्यांना ते पटेना. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियम धातूत ते करून दाखवलं. द्रवात, जिथे इलेक्ट्रॉन आणि केंद्र यांच्यात द्विध्रुवी नातं असतं, तिथे कमाल वाढ ६५८ च्या निम्मी, म्हणजे ३२९.

पण क्षेत्र वाढलं की ही पद्धत दुबळी होते. लागणाऱ्या मायक्रोवेव्हची वारंवारिता इतकी वाढते की द्रवातल्या रेणूंना तितक्या वेगाने हलणं जमत नाही आणि ध्रुवीकरण नीट उतरत नाही. म्हणून कित्येक वर्षं ती बाजूला पडली. एमआयटीच्या रॉबर्ट ग्रिफिन यांनी ती घन पदार्थांत परत आणली. ४०० मेगाहर्ट्झच्या चुंबकाला २६३ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह लागतात. ते देणारं जायरोट्रॉन हे यंत्र खोलीभर जागा खातं. नमुना १०० केल्विनच्या आसपास गोठवायचा, ग्लिसरॉल-पाण्याच्या काचेसारख्या गोठणात दोन सुटे इलेक्ट्रॉन असलेला द्विमूलक मिसळायचा आणि सगळं चुंबकाशी ५४.७ अंशांच्या कोनात वेगाने फिरवायचं. सिग्नल काही दहापट, कधी शेकडोपट वाढतो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या रेणूंच्या एका थराचा स्पेक्ट्रम यामुळे काही तासांत मिळू लागला. पूर्वी तो महिन्यातही मिळत नसे.

२००३ मध्ये आर्डेनकियेर-लार्सेन, गोलमन आणि सहकाऱ्यांनी आणखी धाडस केलं. नमुना सव्वा केल्विनच्या जवळ गोठवून ध्रुवीकृत केला आणि मग गरम द्रावक ओतून क्षणात विरघळवून बाहेर काढला. द्रवातला सिग्नल १०,००० पटींहून जास्त वाढल्याची नोंद झाली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना असा अतिध्रुवीकृत पायरुव्हेट टोचून ट्यूमरमधला चयापचय डोळ्यांनी पाहण्यात आला. ज्या कार्बनला ऐकायला मी रात्र घालवली तोच कार्बन माणसाच्या शरीरात, त्याच क्षणी, रासायनिक बदल होताना दिसला. हे वाचलं तेव्हा मी पान मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

झेनॉन वायूला लेसर आणि रुबिडियमच्या वाफेने ध्रुवीकृत करून फुप्फुसाचं चित्र काढता येतं. त्याला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली.

स्वस्त आणि रसायनशास्त्रज्ञाच्या हातची वाट पॅराहायड्रोजनची. हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन असतात. त्यांची एकमेकांविरुद्ध जुळलेली अवस्था म्हणजे पॅराहायड्रोजन. खोलीच्या तापमानाला साठ्यातला चौथा हिस्सा तसा असतो. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला उत्प्रेरकावरून वायू नेला की निम्मा होतो आणि २० केल्विनला जवळजवळ सगळा. या जोडीत ध्रुवीकरण दिसत नाही, पण क्रम पूर्ण असतो. १९८६-८७ मध्ये बॉवर्स आणि वाइटेकँप यांनी दाखवलं की असा रेणू एखाद्या दुहेरी बंधावर बसवला की तो क्रम उघडा पडतो आणि सिग्नल प्रचंड वाढतो. यॉर्कच्या सायमन डकेट यांच्या गटाने २००९ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. इरिडियमच्या संयुगावर पॅराहायड्रोजन आणि पिरिडिनसारखा रेणू काही क्षण शेजारी बसले तरी क्रम त्या रेणूत उतरतो, रेणूत काही बदल न होता. लागतं काय? द्रव नायट्रोजनचा डबा, हायड्रोजनचं सिलिंडर, काही मिलिटेस्लांचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र आणि हाताने बनवलेला उत्प्रेरक. सगळ्या रेणूंना हे लागू पडत नाही, हे खरं. पण ज्यांना पडतं त्यांच्यासाठी ही वाट कोल्हापूर-नांदेडच्या विद्यापीठालाही परवडेल.

आता पेरुंगुडीच्या शेजारची गोष्ट. पेरुंगुडीहून उपनगरी गाडीने एक-दोन स्टेशनं गेलं की आयआयटी मद्रासचा परिसर. तिथे एन. चंद्रकुमार यांनी कित्येक वर्षं एनएमआरच्या पद्धतींवर काम केलं. त्यांनी आणि एस. सुब्रमणियन यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या फूरिये एनएमआरवरच्या पुस्तकावर माझ्यासारख्या अनेकांनी अभ्यास केला आहे. चंद्रकुमार यांच्या गटाने ओव्हरहाउझरची जुनी, द्रवातली, खोलीच्या तापमानाची पद्धत पुन्हा हाती घेतली. २०१७ मध्ये डे, बॅनर्जी आणि चंद्रकुमार यांनी जो प्रयोग मांडला त्यातली कल्पना फार देखणी आहे. इलेक्ट्रॉनकडून ध्रुवीकरण थेट कार्बनला द्यायचं नाही. ते आधी प्रोटॉनला द्यायचं आणि मग इनेप्टसारख्या पल्सने प्रोटॉनकडून कार्बनला. दोन जुन्या उसनवाऱ्या एकापुढे एक. क्षेत्र मध्यम, कमी. तापमान खोलीचं. कार्बन-१३ नैसर्गिक प्रमाणातला, वेगळा विकत आणून न घातलेला. ना जायरोट्रॉन, ना सव्वा केल्विन.

जगातल्या मोठ्या गटांनी क्षेत्र वाढवत न्यायचं ठरवलं तेव्हा ओव्हरहाउझरची पद्धत जिथे सर्वांत बळकट असते त्या कमी क्षेत्रात जाऊन बसणं, याला समज लागते. आज टेबलावर मावणारी, कायमचुंबकाची, ६० ते १०० मेगाहर्ट्झची यंत्रं मिळतात, त्यांना हेलियमचा थेंब लागत नाही. त्यांचा दोष एकच, सिग्नल कमी. हा दोष आणि कमी क्षेत्रातलं अतिध्रुवीकरण एकमेकांना पूरक आहेत. भारतात या विषयावर पैसा घालायचा असेल तर तो या जोडणीवर घालावा, असं मला ठामपणे वाटतं.

या क्षेत्रातले शोधनिबंध वाचताना एक गोष्ट मात्र सावधपणे पाहावी लागते. दहा हजार पट वाढला, असं लिहिलेलं असतं ते त्याच चुंबकातल्या, एका स्कॅनच्या, साध्या सिग्नलशी तुलना करून. ध्रुवीकरण साठवायला तास गेला असेल तर त्या तासात साधे स्कॅन किती झाले असते, हे विचारायला हवं. शिवाय अतिध्रुवीकृत सिग्नल एकदाच वाचता येतो. पायरुव्हेटच्या कार्बनचं ध्रुवीकरण मिनिटाभरात विरू लागतं, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. फिरत्या घन नमुन्यात मायक्रोवेव्ह चालू आणि बंद यांची तुलना करून वाढ सांगतात. पण द्विमूलक मिसळल्यामुळे आणि नमुना फिरवल्यामुळे मायक्रोवेव्ह बंद असतानाचा सिग्नलच मुळात खाली गेलेला असतो. भागाकार मोठा येतो, फायदा तितका नसतो. प्रामाणिक माप एकच, तासाभरात सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर किती. ते देणारे निबंध मी आधी वाचते.

हाच निकष खरेदीलाही लावावा. संवेदनक्षमतेचे आकडे कंपन्या ठरलेल्या नमुन्यावर देतात. प्रोटॉनसाठी तो ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममधला ०.१ टक्का एथिलबेंझीन असतो, निर्मळ, बंद नळीतला, कोणत्याही मिठाशिवाय. आपला माल तसा कधीच नसतो. म्हणून पुढच्या वेळी कंपनीचा माणूस यंत्र दाखवायला आला की त्याच्या खिशातली नळी बाजूला ठेवायला सांगा, आपली अर्ध्या मिलिग्रॅमची नळी त्याच्या हातात द्या आणि घड्याळ लावून शेजारी बसा.